चढाचे काय करायचे?

माउंटन बाइकला वीजमोटार जोडावी की नाही, या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरूनच बोलतात. डोंगरातली सायकल मुळात केवळ माणसाच्या पायांच्या बळावर चालणारी होती आणि मोटार तिच्यात मागाहून, बाहेरून आली. विरोधकांना ही घुसखोरी वाटते, समर्थकांना प्रगती. मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. या सायकलचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला, तर उतार कसा उतरायचा हा प्रश्न तिने जन्मतःच सोडवलेला दिसतो. चढाचे काय करायचे, हा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून तिच्या मानगुटीवर बसला. त्यावर पिकअप ट्रक, गिअर, रोपवे असे नाना उपाय झाले आणि त्यांतल्या बहुतेकांत यंत्राचे बळ होतेच. ते सायकलवर बसवलेले नव्हते, एवढेच. पेडलला साथ देणारी मोटार हा याच मालिकेतला पुढचा उपाय आहे आणि आधीच्या यंत्रांपेक्षा तो सायकल चालवण्याच्या कितीतरी जवळचा आहे, असे माझे म्हणणे आहे. मात्र ते एका अटीवर खरे ठरते, आणि ती अट गेल्या काही वर्षांत सैल होऊ लागली आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत माउंट टॅमलपायस आणि त्याच्या आसपासच्या टेकड्या आहेत. वणवा विझवणाऱ्या गाड्यांना जाता यावे म्हणून तिथे कच्चे रस्ते काढलेले आहेत. १९७० च्या दशकात काही तरुण जाड टायरच्या जुन्या श्विन सायकली घेऊन या रस्त्यांवरून खाली सुटू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर घड्याळ लावून पहिली शर्यत झाली. जेमतेम सव्वातीन किलोमीटरांत सुमारे ४०० मीटर खाली नेणारी ती वाट होती. पेडल उलटे दाबले की लागणारा ब्रेक या सायकलींच्या मागच्या हबमध्येच असे. एका फेरीत तो इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरल्याशिवाय सायकल वापरता येत नसे. त्यावरूनच या वाटेला ‘रीपॅक’ हे नाव पडले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची ही इथली माणसे आज या खेळाचे जनक मानली जातात, आणि रीपॅकची कथा जिथे सांगितली जाते तिथे ती खाली येण्याची कथा असते. वर कसे जायचे, याचे उत्तर त्या कथेच्या कडेला पडलेले आहे. वीस किलोंच्या आसपास वजनाची आणि एकाच गिअरची ती सायकल चालवत वर नेणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून सायकली ढकलत नेल्या जात, नाहीतर पिकअपच्या हौद्यात टाकून वर पोचवल्या जात. त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूट गावची मंडळी पर्ल पास ही ३,८०० मीटरांहून उंच खिंड ओलांडून ॲस्पेनला गेली, तेव्हाही सोबत चारचाकी गाड्या होत्या. म्हणजे खेळाच्या पहिल्याच वर्षी, दोन वेगवेगळ्या ठिकाणी, चढाचा भार पेट्रोलच्या इंजिनाने उचललेला आहे.

यावर सरळ आक्षेप असा, की ट्रक ही तात्पुरती सोय होती आणि खरा शोध गिअरचा होता. हा आक्षेप बराचसा बरोबर आहे. १९७४ च्या डिसेंबरात कुपर्टिनोहून आलेल्या मॉरो डर्ट क्लबच्या मंडळींनी जाड टायरच्या सायकलींना डिरेलर, म्हणजे गिअर बदलण्याची यंत्रणा, बसवलेली मरिनच्या लोकांनी पाहिली. फिशरने आपल्या सायकलला गिअर आणि ड्रम ब्रेक बसवले, ते वर जाता यावे म्हणूनच. १९७७ मध्ये ब्रीझने या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बनवली. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी रिचीच्या फ्रेमवर ‘माउंटनबाइक्स’ नावाचा धंदा सुरू केला आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर बाजारात आली, तेव्हा या सायकलने चढाला आपले असे उत्तर शोधले होते: पुढे तीन दातेरी चक्रे, मागे पाच आणि पाय फिरत राहतील इतका हलका गिअर. पण गिअरने ताकद वाढत नाही. तो वेग कमी करून तीच ताकद पसरून देतो, आणि कच्च्या वाटेवर वेग एका मर्यादेखाली गेला की सायकल उभीच राहत नाही. गुळगुळीत घाटरस्त्यावर ताशी चार किलोमीटरने रखडत का होईना, पण जाता येते. मुळ्या, सुटे दगड आणि भुसभुशीत माती असलेल्या पायवाटेवर त्या वेगाने पुढचे चाक वळायला लागते, तोल जातो आणि पाय जमिनीवर टेकतो.

याचा हिशेब साधा आहे. माणूस ७५ किलोंचा आणि सायकल १५ किलोंची धरली तर एकूण वजन ९० किलो होते. शंभर मीटरांत दहा मीटर चढणाऱ्या वाटेवर ताशी सहा किलोमीटरने जायला केवळ उंची गाठण्यापुरते सुमारे १५० वॅट लागतात. मातीचा आणि दगडांचा अडथळा वेगळा. चढ दुप्पट तीव्र झाला की आकडा ३०० च्या घरात जातो. १५० वॅट तासभर टिकवणे सराव नसलेल्या माणसाला जड जाते, ३०० वॅट तर कसलेल्या खेळाडूचेच काम. म्हणून पायवाटेवरचा चढ हा घाटरस्त्यासारखा केवळ दमवणारा नसतो, तिथे उंबरठा असतो. उंबरठ्याच्या वर असलेला माणूस चढ सायकलवर बसून चढतो, खाली असलेला पायी ढकलत जातो. मधले काही नसते. मोटारीने काय बदलले हे समजून घेताना हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मोटारीच्या विरोधात बोलताना चढाची कल्पना सहसा ‘जितके कष्ट तितकी गती’ अशी केलेली असते.

गिअरवरही असाच वाद एकदा होऊन गेला आहे. फ्रान्समध्ये सेंत-एतियेनच्या पॉल द विवी यांनी, जे ‘वेलोसियो’ या नावाने ओळखले जात, डोंगरासाठी गिअर हवेत असा आग्रह विसाव्या शतकाच्या आरंभीच धरला होता. १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबने डोंगरी वाटेवर चाचणी घेतली. तीत तीन गिअरच्या सायकलवरील मार्त हेस या महिलेने एकाच गिअरवर चालवणाऱ्या एदुआर फिशर या शर्यतपटूला मागे टाकले. ‘टूर द फ्रान्स’चा संस्थापक आंरी दग्रांज याला ते मुळीच रुचले नाही. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्या माणसांसाठी ठीक आहेत, खऱ्या खेळाडूने स्नायूंच्या बळावर जिंकावे, असे त्याचे मत होते. टूरच्या संघांतल्या स्पर्धकांना डिरेलर वापरण्याची मुभा १९३७ मध्ये, शर्यतीची सूत्रे त्याच्या हातून गेल्यावर, मिळाली. दग्रांज मूर्ख नव्हता. आपण ज्या कष्टाला किंमत देतो तो कष्टच यंत्राने काढून घेतला तर उरते काय, हा त्याचा प्रश्न खरा होता. पण गिअर ताकद निर्माण करत नाही आणि मोटार करते, हा फरक उरतोच. म्हणून दग्रांजचे उदाहरण मोटारीच्या बाजूने जितक्या सहज वापरले जाते, तितक्या सहज ते वापरता येत नाही. त्यातून एवढेच सिद्ध होते, की ‘खऱ्या’ सायकलची व्याख्या कधीच स्थिर नव्हती.

माउंटन बाइकच्या पुढच्या वीस वर्षांत चढाचा प्रश्न सुटण्याऐवजी खेळच दुभंगला. १९८५ पासून कॅलिफोर्नियातल्या मॅमथ माउंटनवर ‘कामिकाझे’ नावाची उताराची शर्यत होऊ लागली. तिथे स्पर्धक आणि सायकली स्की रिसॉर्टच्या पाळण्यातून वर जात. १९९० मध्ये कोलोरॅडोत ड्युरँगोजवळ पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा क्रॉस-कंट्री आणि डाउनहिल असे वेगळे विभाग होते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये फक्त क्रॉस-कंट्रीला जागा मिळाली. त्याच काळात रॉकशॉक्सच्या पुढच्या सस्पेन्शन फोर्कपासून सुरू झालेली वाढ मागच्या चाकापर्यंत पोचली आणि उताराच्या सायकली इतक्या जड झाल्या की त्यांवर बसून चढ चढण्याचा विचारही कोणी करेना. कॅनडातल्या व्हिस्लरचे बाइक पार्क १९९९ मध्ये सुरू झाले आणि उन्हाळ्यात स्की लिफ्टने सायकली वर नेण्याचा व्यवसाय जगभर पसरला. चढणाऱ्यांची सायकल हलकी, ताठ आणि अंग खिळखिळे करणारी. उतरणाऱ्यांची दणकट, मऊ आणि वर नेण्यासाठी लिफ्टवर अवलंबून. एक डोंगर, एक माणूस, पण त्याच्या जाण्यासाठी एक यंत्र आणि येण्यासाठी दुसरे. या लिफ्ट विजेवर चालतात, आणि त्यांत बसून वर जाणाऱ्या सायकलस्वाराला कोणी लबाड म्हटलेले नाही.

आता मोटारीकडे वळू. सायकलला वीजमोटार लावण्याची कल्पना माउंटन बाइकपेक्षा ऐंशी वर्षांनी जुनी आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील ऑग्डेन बोल्टन याला १८९५ च्या शेवटच्या दिवशी मिळालेल्या पेटंटात मोटार मागच्या चाकाच्या हबमध्ये होती. दोनच वर्षांनी बॉस्टनच्या होझिया लिबी याने क्रँकच्या जागी दुहेरी मोटार बसवणारी रचना पेटंट केली. म्हणजे आजही बाजारात असलेल्या दोन्ही मांडण्या, चाकातली आणि पेडलपाशी असलेली, एकोणिसाव्या शतकातच कागदावर उतरल्या होत्या. अडले ते बॅटरीपाशी. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो वजन १,००० मीटर उंच न्यायला सुमारे २७० वॅट-तास ऊर्जा लागते आणि मोटारीतली तूट व वाटेचा अडथळा धरला तर त्याहून बरीच जास्त. ५०० वॅट-तास साठवणारी शिशाची बॅटरी चौदा-पंधरा किलोंची होते. लिथियम-आयन बॅटरीत तेवढीच साठवण तीन किलोंच्या आत बसते. सोनीने लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आणली, पण ती सायकलपर्यंत परवडणाऱ्या भावात यायला आणखी बरीच वर्षे गेली.

पण बॅटरी हा अडथळ्याचा अर्धाच भाग होता. दुसरा शोध कमी बोलला जातो आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. १९९३ मध्ये यामाहाने जपानमध्ये ‘पास’ ही सायकल आणली. तिच्यातली बॅटरी शिशाचीच होती, सायकल जड होती आणि ती बाजारहाटासाठी होती, डोंगरासाठी नव्हे. तिच्यातली नवी गोष्ट म्हणजे मोटार हाताच्या मुठीने चालत नव्हती, पाय पेडलवर किती जोर देतो हे मोजून ती चालत होती. ताशी १५ किलोमीटरपर्यंत माणसाच्या जोराइतकाच जोर, पुढे तो कमी कमी होत २४ किलोमीटरला शून्य. पाय थांबले की मोटार थांबली. या एका बंधनामुळे जपानी नियमांत ती सायकलच राहिली, मोपेड झाली नाही. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात हेच तत्त्व आकड्यांत बांधले: सततची क्षमता २५० वॅटपर्यंत, साथ ताशी २५ किलोमीटरपर्यंत, आणि पेडल मारणे थांबले की साथ बंद. मोटार स्वतःहून पुढे नेत नाही, ती पायाच्या जोराचा गुणाकार करते. शून्याला कितीने गुणले तरी शून्यच. पिकअप ट्रक आणि लिफ्ट यांच्याशी तुलना करताना मला हाच फरक महत्त्वाचा वाटतो. त्या यंत्रांत माणूस ओझे होता. इथे तो चालक आहे आणि त्याच्या कष्टावाचून काहीच हलत नाही.

हे तत्त्व डोंगरात पोचायला आणखी सतरा-अठरा वर्षे लागली आणि मधल्या काळात बराच भार हौशी लोकांनी वाहिला. आपल्या साध्या माउंटन बाइकला मोटार लावू पाहणाऱ्यांना सुरुवातीला मिळे ते चाकातल्या मोटारीचे किट. शहरातल्या सपाट रस्त्यावर ते चांगले चालते, चढाच्या वाटेवर मात्र त्याची कुचंबणा होते. ताशी सहा किलोमीटरला मोठ्या चाकाचे मिनिटाला जेमतेम चाळीस-पंचेचाळीस फेरे होतात. इतक्या मंद गतीने फिरणाऱ्या मोटारीत गेलेला प्रवाह गती होण्याऐवजी उष्णता होतो. चाकाचे वजन वाढल्याने सस्पेन्शनचे कामही बिघडते, आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये मोटारीचा आस फिरून चाक बसवायच्या खाचा फाटण्याची भीती असते, म्हणून वेगळी आधारपट्टी लावावी लागते. पेडलपाशी बसणाऱ्या मोटारीने ही अडचण दूर केली, कारण तिचा जोर चेनमधून आणि गिअरमधून जातो. सायकल रखडली तरी हलक्या गिअरमध्ये मोटार आपल्या सोयीच्या गतीने फिरत राहते. पुढे चीनमधल्या सुचौच्या बाफांग कंपनीने बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या, नळीत आरपार बसणारी मोटार किटच्या रूपात आणली, तेव्हा जुन्या सायकलला घरच्या घरी मोटार जोडणे शक्य झाले. जुनी श्विन घेऊन तिला मोटारसायकलचे ब्रेक-लिव्हर आणि दुसऱ्याच सायकलचे गिअर जोडणारे मरिनचे लोक आणि हे किटवाले यांची जातकुळी एकच आहे. पण किटची एक उणीव सांगितलीच पाहिजे. त्यांतली पुष्कळ किटे पायाचा जोर मोजत नसत, पेडल फिरते आहे की नाही एवढेच पाहत. काहींना मुठीवर थ्रॉटलही असे. पाय नुसते फिरवले तरी पूर्ण ताकद मिळे. चौदा किलोंच्या सायकलसाठी केलेल्या चेनवर आणि ब्रेकवर याचा ताण पडे आणि यामाहाचे तत्त्वही तिथेच निसटे.

कारखान्यात बनलेली माउंटन बाइक मात्र वेगळ्या वाटेने आली. बॉशने २०१० मध्ये आपली पेडलपाशी बसणारी मोटार दाखवली आणि जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या हायबाइकने ती लगेच डोंगरी सायकलमध्ये घातली. पेडल उलटे दाबून लागणाऱ्या ब्रेकचा प्रसिद्ध ‘टॉर्पेडो’ हब एर्न्स्ट झाक्सने १९०३ मध्ये याच गावी आणला होता. सायकलच्या इतिहासात काही गावे पुन्हा पुन्हा भेटतात. २०१५ मध्ये स्पेशलाइज्डने ‘टर्बो लेवो’ आणली. स्टंपजंपरच्याच कंपनीने मोटार स्वीकारल्यावर, ही केवळ युरोपातल्या वयस्कर पर्यटकांची सोय आहे, असे म्हणणे अवघड झाले. या सायकलींनी दुभंगलेला खेळ पुन्हा जोडला. उतारासाठी हवे ते लांब सस्पेन्शन, रुंद टायर, दणकट ब्रेक हे सगळे असलेली बावीस-चोवीस किलोंची सायकल आता चढही चढू लागली, कारण वजनाचा दंड मोटार भरते. आणि चढाचा उंबरठा खाली आला. चाळिशी-पन्नाशीतला, नोकरी सांभाळून आठवड्यातून एकदा डोंगरात जाणारा माणूस पूर्वी जी वाट ढकलत चढे, ती आता बसून चढतो, आणि बसून चढताना गिअर निवडणे, वजन पुढे घेणे, मागच्या चाकाची पकड राखणे ही चढाची सारी कारागिरी त्याला प्रथमच करायला मिळते. ढकलणाऱ्याला ती कधी मिळतच नव्हती.

आक्षेपांत पहिला आळसाचा. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी ३३ सायकलस्वारांना एकच वाट आधी साध्या आणि मग मोटारीच्या, किंवा उलट क्रमाने, माउंटन बाइकवर चालवायला लावली. मोटारीच्या सायकलवर हृदयाचे सरासरी ठोके साध्या सायकलच्या ९४ टक्के भरले. यावरून दोन्ही सारखेच, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. तेच अंतर लवकर संपते, म्हणजे एकूण श्रम कमीच. पण ‘बसून राहणे’ या आरोपाला हा आकडा पुरेसे उत्तर देतो. दुसरा आक्षेप वाटांच्या झिजेचा. माउंटन बायकर्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये ओरेगनमधल्या जंगलात साधी सायकल, पेडलसाथीची सायकल आणि मोटारसायकल यांनी माती किती सरकते हे मोजले. पहिल्या दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही, मोटारसायकलची झीज मात्र कितीतरी अधिक. ही संघटना सायकलस्वारांची आहे आणि चाचणी सायकलसाठीच बांधलेल्या वाटेवर झाली, हे लक्षात ठेवूनच तो निष्कर्ष घ्यावा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो एका सायकलविषयी नसून संख्येविषयी आहे. चढ सोपा झाला की डोंगरात माणसे वाढतात, ती अधिक आत जातात, आणि चढावरच्या सायकलचा वेग पायी चालणाऱ्यांना अनपेक्षित असतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हीच तक्रार १९८० च्या दशकात बिनमोटारीच्या माउंटन बाइकविरुद्ध पायी चालणाऱ्यांनी आणि घोडेस्वारांनी केली होती. अमेरिकेच्या १९६४ च्या वन्यक्षेत्र कायद्यात यांत्रिक वाहतुकीला मनाई आहे. वनखात्याने १९८४ मध्ये सायकल तीत येते असे स्पष्ट केले. टॅमलपायसवरही सायकलींना बहुतेक अरुंद पायवाटा बंद झाल्या आणि वणव्याच्या रस्त्यांवर वेगमर्यादा आली. तेव्हा उत्तर म्हणून मिळाले ते वाटांचे नियोजन: कुठे एकेरी वाहतूक, कुठे वेगळ्या वाटा, कुठे पूर्ण बंदी. आजही तेच उत्तर आहे, आणि काही नाजूक जागी पूर्ण बंदीच योग्य ठरेल. अमेरिकेच्या अंतर्गत खात्याने (इंटिरियर) ऑगस्ट २०१९ मध्ये, जिथे सायकल चालते तिथे ई-बाइकही चालू द्यावी असा आदेश काढला, त्यात ही बारकाई कमी होती. वनखाते मात्र तिला मोटारवाहनातच मोजत राहिले. एकाच देशात शेजारशेजारच्या जंगलांना दोन नियम, ही गोंधळाची स्थिती आपण टाळलेली बरी.

शर्यतीच्या जगाने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. २०१६ मध्ये बेल्जियममधल्या झोल्डर येथे सायक्लोक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत एका तरुण महिला स्पर्धकाच्या सायकलमध्ये लपवलेली मोटार सापडली आणि त्या स्पर्धकावर सहा वर्षांची बंदी आली. तीनच वर्षांनी क्वेबेकमधल्या माँ-सेंत-ॲनला ती बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय सायकल महासंघानेच ई-माउंटन बाइकची पहिली अजिंक्यपद शर्यत भरवली. दक्षिण आफ्रिकेचा ॲलन हॅदर्ली आणि स्वित्झर्लंडची नाताली श्नायटर जिंकले. मोटारसायकल शर्यतींच्या महासंघानेही या सुमारास ई-बाइकवर हक्क सांगितला, तेव्हा सायकल महासंघाने ठाम हरकत घेतली: जे पेडलवर चालते ते आमचे.

भारतात केंद्रीय मोटारवाहन नियमांनी २५० वॅटखालची मोटार आणि ताशी २५ किलोमीटरखालचा वेग असलेल्या दुचाकीला मोटारवाहनातून वगळले आहे, म्हणजे मर्यादा जवळपास युरोपासारखीच. पुण्यात २०२० साली सुरू झालेली ईमोटोरॅड आणि हीरो लेक्ट्रो या कंपन्यांच्या सायकलींमुळे ई-सायकल महाराष्ट्रातही रुळली. पण आपल्याकडच्या बहुतेक ई-सायकली चाकात मोटार आणि मुठीवर थ्रॉटल अशा असतात. शहरासाठी त्या उपयोगी आहेत, सह्याद्रीच्या दगडी वाटेवर त्यांना वर सांगितलेल्याच अडचणी येतात, आणि दिसायला माउंटन बाइक असली तरी ती त्या कामाची होत नाही. मोटारवाहनांना बंदी असलेल्या माथेरानमध्ये हातरिक्षा ओढणाऱ्यांसाठी ई-रिक्षांची परवानगी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर मिळाली. तिथे निकष ठरला तो मोटारीने कोणाचे कोणते कष्ट हलके होतात आणि डोंगराला त्याची काय किंमत पडते, हा. डोंगरी सायकललाही तोच लावायला हवा.

सुरुवातीला ज्या अटीचा उल्लेख केला ती इथे येते. २५० वॅट हा सततच्या क्षमतेचा आकडा आहे, क्षणिक कमाल क्षमतेचा नव्हे. म्हणून कायदा न मोडता मोटारींची कमाल क्षमता पाचशे-सहाशे वॅटपर्यंत गेली. २०२४ मध्ये ड्रोन बनवणाऱ्या चीनच्या डीजेआयने ‘अव्हिनॉक्स’ ही मोटार आणली, जी थोडा वेळ १,००० वॅटपर्यंत जाते. इतर कंपन्याही या चढाओढीत उतरल्या. जर्मनीत २०२३ मध्ये विकल्या गेलेल्या सायकलींपैकी निम्म्याहून अधिक विजेच्या होत्या, इतका मोठा हा बाजार आहे. पायाने शंभर वॅट द्यावेत आणि मोटारीने आठशे जोडावेत, असे झाले की पेडल हे चालवण्याचे साधन न राहता मोटार चालू ठेवण्याची कळ होते. मग मोटारसायकलशी असलेला फरक कागदावरच उरतो, आणि मातीची झीज, वेग, वाटांवरचा हक्क यांबाबत वर दिलेली सगळी उत्तरे लंगडी पडतात. जर्मन सायकल उद्योगाच्या झेडआयव्ही या संघटनेनेच कमाल क्षमता ७५० वॅटवर रोखावी आणि पायाचा जोर व मोटारीचा जोर यांच्या प्रमाणालाही मर्यादा घालावी, असे सुचवले आहे. या दोन्हींत मला प्रमाणाची मर्यादा अधिक मोलाची वाटते. वॅटची मर्यादा यंत्राला बांधते, प्रमाणाची मर्यादा यंत्राला माणसाशी बांधते. ज्याने पायाने अधिक दिले त्याला अधिक मिळते, ज्याने पाय सैल सोडले त्याची मोटारही सैल पडते. यामाहाने १९९३ मध्ये एकास एक हे प्रमाण धरले होते. पायवाटेच्या चढाला ते अपुरे आहे, एकास तीन किंवा चार पुरेसे आहे. आपल्या नियमांतही वॅट आणि वेग यांच्या जोडीला हे प्रमाण यायला हवे, आणि सह्याद्रीच्या वाटांवर अशा सायकली अजून मोजक्याच आहेत तोवरच ते आणणे सोपे जाईल.